करदोडा सैल होतो तेव्हा

गोठ्यातल्या बैलानं सकाळच्या वैरणीला तोंड लावलं नाही, तर परभणीजवळच्या झरी गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात दुपारपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक होतं. कान गार पडलेत का बघतात, रवंथ चालू आहे का पाहतात, पोटावरून हात फिरवतात. दिवस मावळायच्या आत जनावरांच्या डॉक्टरांना फोन गेलेला असतो. बैलाला सांगता येत नाही, म्हणून त्याचं खाणं हीच त्याची बोली असं आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललो आहोत आणि ती बोली आपल्याला चांगली येते.

त्याच घरातला पंचेचाळिशीचा कर्ता माणूस महिनाभर ताटात अर्धी भाकरी ठेवून उठत असतो. शेतात नेलेली शिदोरी फडक्यात तशीच परत येते. कमरेचा करदोडा सैल होतो, सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसतो. पारावर कोणी तरी म्हणतं, "लई वाळलास की रे." तो म्हणतो, "उन्हाचं होतंच की तसं." आणि विषय मिटतो. बैलासाठी जे आपण पहिल्या दिवशी करतो, ते माणसासाठी तिसाव्या दिवशीही करत नाही. कारण माणूस बोलू शकतो, काही असेल तर सांगेल, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीत चुकीचं आहे. ज्याला जगणं नकोसं झालं आहे, तो अनेकदा ते तोंडानं सांगत नाही. त्याचं शरीर मात्र सांगत असतं.

या लेखात मला एवढंच मांडायचं आहे: कारण कळत नसताना घटलेलं किंवा झपाट्यानं वाढलेलं वजन हे मनाच्या आजाराचं, आणि काही वेळा जिवावर उठलेल्या निराशेचं, उघड्या डोळ्यांना दिसणारं लक्षण असू शकतं. ते दिसल्यावर विचारपूस करणं हे घराचं, गावाचं आणि दवाखान्याचं काम आहे.

यात नवं शिकवण्यासारखं फार नाही, कारण आपली भाषा हे आधीपासून जाणते. काळजीनं माणूस 'खंगतो', 'झुरतो', 'वाळतो'. दुःखात 'घास घशाखाली उतरत नाही', 'अन्नावरची वासना उडते', 'जेवण तुटतं'. चिंता चितेसमान, असं आपण म्हणतो. मन आणि मांस यांचं नातं मराठी बोलणाऱ्या माणसानं वैद्यकशास्त्राची वाट न बघता ओळखलं. उणीव एवढीच राहिली की हे शब्द हळहळ व्यक्त करण्यापुरते उरले. 'पोरगं गेल्यापासून माय नुसती झुरते आहे' असं म्हणून आपण सुस्कारा टाकतो. झुरणं हा आजार असतो आणि त्यावर उपचार असतो, हे वाक्य त्याला जोडलं जात नाही.

वैद्यकशास्त्रानं याचं माप ठरवलं आहे. नैराश्याचं निदान करताना प्रयत्न न करता महिन्याभरात शरीराच्या वजनात पाच टक्क्यांहून जास्त झालेला बदल हे एक लक्षण मानलं जातं. साठ किलोच्या माणसात पाच टक्के म्हणजे तीन किलो. नैराश्य तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. त्यात तिसरा प्रश्न झोपेचा, पाचवा भुकेचा, आणि नववा मरणाच्या विचारांचा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर घरातली बाई पोळपाटाशी बसल्या जागी देऊ शकते. नवव्याचं उत्तर फक्त त्या माणसाकडे असतं, आणि ते काढून घ्यायला कोणी तरी जवळ बसावं लागतं. पाचव्यापासून नवव्यापर्यंत जाणं ही माझ्या मते जीव वाचवण्याची सर्वांत स्वस्त वाट आहे.

आता अभ्यास काय सांगतात ते बघू, कारण इथं सावध राहावं लागतं. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या दहा लाखांहून अधिक तरुणांचा मागोवा घेतला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की उंचीच्या मानानं वजन जसजसं जास्त, तसतसं आत्महत्येचं प्रमाण कमी. बीएमआय पाचनं वाढला तर धोका सुमारे १५ टक्क्यांनी उतरत होता. अमेरिकेतल्या पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या पाहणीतही तसाच कल आढळला. लंडनमधल्या सरकारी नोकरदार पुरुषांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधारे २००९ मध्ये मांडलं गेलेलं निरीक्षण आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचं आहे: ज्यांनी कारण नसताना वजन घटल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यात पुढे आत्महत्येचा धोका जास्त दिसला.

यावरून लठ्ठ माणूस सुखी असतो असं कोणी समजू नये. लठ्ठपणाबरोबर नैराश्य वाढतं, हेही तितकंच दिसलेलं आहे. शिवाय हे अभ्यास श्रीमंत देशांतल्या पुरुषांवरचे आहेत. तिथला बारीक माणूस आणि आपल्याकडचा बारीक माणूस एक नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे पाचातल्या एका स्त्रीचं आणि सहातल्या एका पुरुषाचं वजन गरजेपेक्षा कमी आढळलं. त्या सगळ्यांना मनाचे रुग्ण म्हणणं हा अन्याय ठरेल. मुळात काटक असलेला, आयुष्यभर पन्नास किलोंवर टिकून राहिलेला आणि रोज शेतात राबणारा माणूस धडधाकट असू शकतो. लक्ष द्यायचं ते बदलाकडे. कालपर्यंत बासष्ट किलोचा असलेला माणूस आज सत्तावन्नवर का आला, हा खरा प्रश्न आहे.

आणि हे नातं एकाच दिशेनं जात नाही. मन खचलं की वजन उतरतं, तसं अन्न कमी पडलं की मनही खचतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांचं वजन जवळपास चौथाईनं घटलं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, त्यांना हसू येईना, कशात मन लागेना. काहींची अवस्था फारच बिकट झाली. त्यांच्यावर कर्ज नव्हतं, घरात भांडण नव्हतं. निरोगी म्हणून निवडलेल्या माणसांचं मन केवळ उपासमारीनं काळवंडलं, आणि अन्न पुन्हा सुरू झाल्यावर ते पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले.

हे लक्षात घेतलं की झरीतल्या त्या फडक्यातल्या शिदोरीचा अर्थ बदलतो. काळजीमुळे भाकरी तुटते. भाकरी तुटल्यामुळे अंगातलं बळ जातं, झोप जाते, डोकं चालेनासं होतं. डोकं चालेना की काळजीतून मार्ग दिसत नाही. कर्जाची पुनर्रचना, पीकविम्याचा दावा, भावकीतल्या वाटणीचा निकाल, या गोष्टींना शांत डोकं लागतं. नेमकं तेच उपाशी पोटी हरवतं. म्हणून त्याला दोन वेळा नीट जेवायला घालणं हाही उपचारातला भाग आहे. पूर्ण उपचार मात्र तेवढ्यानं होत नाही.

परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरची झरी ही काळ्या जमिनीची, कापूस-सोयाबीनची, तूर-हरभऱ्याची आणि रब्बी ज्वारीची. जिल्ह्याच्या गावी १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं ज्वारीच्या वाणांवर संशोधन होतं, कणसातल्या दाण्याचं वजन ग्रॅममध्ये मोजलं जातं. कापूस क्विंटलवर मोजला जातो, सोयाबीनमधला ओलावा टक्क्यांत. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या लेकरांचं वजन होतं, गरोदर बाईचं वजन दर तपासणीला कार्डावर चढतं. ते योग्यच आहे, त्यामुळे कुपोषण आणि बाळंतपणातले धोके वेळीच कळतात. या सगळ्या मोजणीत तीस ते साठ वयाचा माणूस मात्र कुठंच बसत नाही. गावातल्या बहुतेक कर्त्या पुरुषांना आपलं दोन वर्षांपूर्वीचं वजन सांगता येणार नाही. नोंदच नसेल तर घट कळणार कशी?

बायकांचं घटतं वजन तर त्याहून झाकलेलं. घरातली बाई शेवटी जेवते. ती किती जेवली हे बघायला तेव्हा तिथं कोणी नसतं. आणि तिच्या न जेवण्याला आपल्या संस्कृतीत मान आहे: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाबद्दल मला तक्रार नाही, श्रद्धेचा तो ज्याचा त्याचा भाग. पण 'आज उपास आहे' हे वाक्य आठवड्यातून चार दिवस ऐकू यायला लागलं, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, पोलकं अंगावर लोंबायला लागलं, तर तो उपास देवासाठीच आहे का, हे घरानं विचारायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात आत्महत्येनं गेलेल्या १,७०,९२४ माणसांमध्ये २५ हजारांहून अधिक गृहिणी होत्या. शेतीशी संबंधित माणसांची संख्या त्या वर्षी ११,२९० होती. गृहिणींचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा असून त्याची बातमी होत नाही.

वजन वाढण्याचीही बाजू बघायला हवी. नैराश्यात काहींची भूक मरते, काहींची सुटते. रात्र रात्र जागून खाणारा, दिवसभर पडून राहणारा, सहा महिन्यांत अंग धरलेला तरुण पोरगा आपल्याला 'आयतं खाऊन माजलेला' वाटतो. परभणीत किंवा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून चार वेळा अपयश घेऊन परतलेला तो असेल, तर त्याच्या वाढलेल्या पोटावरची थट्टा त्याला आणखी आत ढकलते. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. गोळ्यांनी बरं वाटू लागलेला माणूस 'फुगलास की' हे ऐकून गोळ्या परस्पर बंद करतो, आणि आजार उलटतो. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. न विचारता बंद करणं धोक्याचं.

मुद्दाम घटवलेल्या वजनाबाबतही सावध राहायला लागतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनं वजन उतरवलेल्या हजारो लोकांचा अमेरिकेतल्या युटा राज्यातला अभ्यास २००७ साली आला. एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले होते, मधुमेह आणि हृदयविकारानं मरणारे कमी झाले होते. पण अपघात, आत्महत्या यांसारखे आजाराशिवायचे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त होते. वजन घटवणारं रिमोनाबँट हे औषध मनावरच्या परिणामांमुळे २००८ मध्ये युरोपात थांबवलं गेलं आणि पुढच्या वर्षी भारतातही बंद झालं. आता आलेल्या, वजन घटवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल हीच शंका होती. युरोपच्या औषध नियामकानं २०२४ मध्ये तपासणी संपवताना, त्यांचा आत्महत्येशी कार्यकारण संबंध दाखवणारा पुरावा नाही असं म्हटलं. यातून घ्यायचं ते इतकंच की शरीर झपाट्यानं बदलतं तेव्हा मनाकडेही बघणारं कोणी तरी सोबत असावं.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: शेतकरी मरतो तो भावामुळे आणि कर्जामुळे, तुम्ही त्याला मनोरुग्ण ठरवून सरकारला मोकळं करता. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह गेले. त्यांच्या स्मरणार्थ अंबाजोगाईच्या अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग करतं. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि भूमिअधिग्रहण या कायद्यांनी शेतकऱ्याचे हात बांधले, ही त्यांची मांडणी. धोरणाची ही लढाई मला खरी वाटते आणि ती लढलीच पाहिजे. पण कायदे बदलायला दशकं लागतात, आणि करदोडा या महिन्यात सैल झाला आहे. आपण वर्षातून एक दिवस ज्याच्यासाठी अन्न त्यागतो, त्याचं अन्न तो जाण्याच्या कितीतरी दिवस आधी तुटलेलं असू शकतं. त्याच्या ताटाकडे बघणं आणि त्याच्या मालाच्या भावासाठी भांडणं या दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी करता येतात.

दुसरा आक्षेप: उन्हाळ्यात आणि सुगीत सगळेच वाळतात, सगळ्यांवर संशय घ्यायचा का? हंगामी घट ओळखता येते. काम संपलं, पाऊस पडला, पोटभर खाणं झालं की ती भरून निघते, आणि माणूस हसत-बोलत असतो. ज्याचं वजन सुगी सरल्यावरही परत येत नाही, झोप पहाटे तीनला मोडते, जो पारावर यायचा थांबला आणि लेकराच्या बोलण्याकडेही ज्याचं लक्ष नसतं, त्याची घट वेगळी.

तिसरा आक्षेप आकड्यांचा, आणि तो खरा आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वांत जास्त. तरी हे प्रमाण लाखामागे साधारण अठरा पडतं. वजन घटलेली माणसं मात्र गावोगाव कितीतरी सापडतील. तेव्हा वजनावरून कोण जीव देईल याचं भाकीत करता येत नाही आणि कोणी करू नये. पण विचारपूस वाया जात नाही. कारणाशिवाय वजन घटण्यामागे क्षयरोग असतो, मधुमेह असतो, थायरॉइड असतो, कर्करोग असतो, दारू असते. एकाच प्रश्नातून यातलं काहीही वेळेत सापडू शकतं, आणि अशा दीर्घ आजाराचं ओझंही माणसाला निराशेकडे नेतं. त्याच वर्षीच्या नोंदींमध्ये आजारपण हे १८.४ टक्के आत्महत्यांमागचं कारण होतं, कौटुंबिक अडचणींच्या खालोखाल.

मग करायचं काय? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, मदत लागेल त्याला समुपदेशकापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, असं त्याचं साधं रूप. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात मरणाचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. विदर्भातल्या कापसाच्या गावांत हे घडलं, तर परभणीच्या कापसाच्या गावांत का घडू नये? राज्य सरकारनं मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात परभणी आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं ओळखायची, ही त्याची कल्पना योग्यच आहे.

माझी सूचना त्याला एक दुवा जोडण्याची आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात एका जागी वजन घटल्याचा प्रश्न आहे, आणि शेवटाकडे मन उदास असण्याचे, कशात रस न वाटण्याचे दोन प्रश्न आहेत. पहिला क्षयरोगाच्या संशयासाठी, दुसरे मनासाठी. या दोन्ही ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत. वजन घटलेल्या माणसाची थुंकी निर्दोष निघाली की त्याचा कागद मिटू नये. तिथून पुढचा प्रश्न मनाचा असावा. झरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि अशा प्रत्येक केंद्रात, खोकल्यासाठी आलेल्या मोठ्या माणसालाही वजनकाट्यावर उभं करावं, आकडा केस पेपरवर लिहावा आणि मागच्या आकड्याशी ताडून बघावा. याला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. काटा तिथं आहेच.

विचारायचं कसं, याची भीती लोकांना वाटते. मरणाचा विषय काढला तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणसाला मोकळं होता येतं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. कायद्याची भीतीही बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण असतो असं मानून शिक्षेऐवजी उपचार आणि मदत हा मार्ग धरला आहे.

म्हणून वाचकाला हात जोडून सांगणं आहे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा शेजारच्या ताटात काय उरलं ते बघा. भाऊ, वडील, बायको, सासू, सालगडी, कोणाचंही. महिना-दोन महिन्यांत कोणी वाळलं असेल तर 'लई वाळलास' म्हणून थांबू नका. बाजूला घेऊन बसा आणि विचारा: "दादा, जेवण जात नाही का? झोप लागते का? जगणं नको वाटतं का?" उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, उपदेश करू नका, त्याला एकटं सोडू नका, घरातल्या धोक्याच्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि दवाखान्यात सोबत जा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. आणि हे वाचताना तुमचाच करदोडा सैल झाल्याचं तुम्हाला आठवलं असेल, तर तो फोन आज तुम्हीच करा.